तिसरा गाल

डावा गाल

भावाच्या लग्नात माझी धाकटी बहीण लोसा एकटी नाचणार होती आणि तिला गालांवर लाली हवी होती. ऑकलंडहून आणलेला गुलाबी रंग मी ब्रशने लावला. पण आमच्या टोंगातल्या रीतीप्रमाणे फुसी आत्याने तिला आधीच नखशिखांत खोबरेल तेल चोपडलं होतं. पावडरीच्या गुठळ्या झाल्या.

"मला गोवर आलाय का गं?" लोसा रडकुंडीला आली. बाहेर तिचं नाव पुकारलं गेलं.

उजवा गाल

आत्या आत आली. आमच्याकडे आत्यापुढे बापाचंही चालत नाही.

"आमच्या वेळी तेलाची चकाकीच पुरायची. पूस ते!"

"थोडीशी तरी, आत्या!" लोसाचे डोळे भरले.

आत्याने उसासा टाकला, माझी लिपस्टिक घेतली, तळहातावर तेलात कालवली आणि आधी स्वतःच्या गालाला फासून आरशात पाहिलं.

"हं, बसतोय रंग."

मग लोसाचे गाल पुसून अंगठ्याने हलकेच रंग चढवला. पोरगी नुकतीच लाजल्यासारखी दिसू लागली.

तिसरा गाल

लोसाचा नाच सुरू होताच मांडव गप्प झाला. आमच्याकडे नाचणारीच्या मागे घरच्यांनी विदूषकी करायची पद्धत आहे; नेहमीप्रमाणे आत्या वेडेवाकडे हातवारे करत नाचायला उठली आणि हशा पिकला. इतका हशा पाहून आत्याला आणखीच चेव आला. तिचा एकच गाल लालभडक होता.

"अगं, तिला सांगा ना कोणीतरी," बाबा माझ्या कानात कुजबुजले.

"तुम्हीच सांगा. तुमची बहीण आहे."

बाबांनी एकदा आत्याकडे पाहिलं आणि ते जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले.