चिमूटभर सुकट

“ओठाला काय झालं गं?” सरसम्मानं विचारलं.

“मिरची लागली.”

“पहाटेच्या चहात मिरची?”

ब्रिजिता मान खाली घालून कोळंबी सोलत राहिली. शेडमध्ये वीस-बावीस बायका बर्फाच्या पाण्यात हात घालून उभ्या होत्या. पलीकडच्या कढईतून उकडलेली कोळंबी उपसली, की वाफेचा लोट थेट त्यांच्या अंगावर यायचा. तो दिसला की ब्रिजिता श्वास रोखून धरायची. पण किती वेळ धरणार? आत गेलेला श्वास बाहेर येताना बारीक शिट्टी वाजायची, आणि ती कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती मुद्दाम मोठ्यानं खोकायची.

“मानेवर बघ, गांधी उठल्यात,” सरसम्मा तिच्या कानाशी येऊन म्हणाली. “घरी जा. मी सांगते बेबीचेट्टनला.”

“चेची, थोरली बहीण मानते तुला, माझी शपथ आहे. मुकादमाला कळलं तर उद्या माझ्या जागी दुसरी उभी राहील.”

“मी गप्प बसेन गं. तुझा गळा गप्प बसेल का?”

तेवीस वर्षं ती या शेडमध्ये होती. अर्तुंगलच्या किनाऱ्यावर तिच्याइतका झपाट्यानं चालणारा हात दुसरा नाही, असं खुद्द मुकादम बेबीचेट्टन सांगायचा. आठ वर्षांपूर्वी नवरा काविळीनं गेला, तेव्हाही दहाव्या दिवशी ती कामावर हजर होती. घरी ती आणि सासू, दोघीच. चूल पेटायची ती या शेडवर.

मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून तिला स्पष्ट सांगितलं होतं, “मासे खुशाल खा. पण कोळंबी, खेकडा बंद. आणि ही शेडही सोड.” ब्रिजितानं गोळ्या आणल्या, कोळंबी खाणं बंद केलं, शेड मात्र सोडली नाही. घरी सांगितलं, सेंट सेबास्टियनला नवस बोलले आहे.

त्या दिवशी मात्र दुपारी घरी येताना वाटेत तिला दोनदा बसावं लागलं. दारात टेकून तिनं सासूला, अम्मच्चीला, सगळं सांगून टाकलं.

अम्मच्ची तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि हसली.

“एवढंच ना? मला दुधाचं काय होतं, ठाऊक आहे ना तुला? पायसम खाल्लं की दिवसभर परसात पळापळ. मेले का मी? चमचा चमचा घेत गेले, आता अर्धी वाटी पचते. अंगाला सवय लावावी लागते.”

“हे वेगळं आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई.”

“तिच्या बापानं कधी जाळं ओढलंय? कोळ्याच्या घरातल्या बाईला म्हणे कोळंबी बाधते! उद्या म्हणशील समुद्राचा वारा बाधतो.” मग सूप खाली ठेवून तिनं हळूच विचारलं, “शेड सोडायला सांगितलीय?”

“हो.”

“सोडणार आहेस?”

“माहीत नाही.”

अम्मच्चीनं सूप पुन्हा उचललं. नंतर दोन दिवस ती त्या विषयावर बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं भाताची कांजी वाढली, वर खोबऱ्याची लाल चटणी. ब्रिजिताला भूक लागली होती. चार घास भराभर गेले. पाचव्याला जिभेला मुंग्या आल्या. तिला वाटलं, शेडमधलीच वाफ अंगात राहिली असेल. मग तळहात खाजू लागले, कान तापले, आणि कुणीतरी आतून गळ्याला दोरी बांधून ओढावी तसं झालं. तिनं ताट सरकवलं. उठायला गेली, तर पायाखालची जमीन दिसेना.

“अम्मच्ची...” एवढंच निघालं. आवाज तिचा नव्हता.

सासू तिच्याकडे बघतच राहिली. सुनेचे डोळे सुजून मिटत चालले होते, ओठ काळेनिळे पडले होते. मग ती म्हातारी अनवाणी रस्त्यावर धावली आणि शेजारच्या रिक्षावाल्याला ओरडून बोलावू लागली.

रिक्षात तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हातात जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हते.

दवाखान्यात नर्सनं पहिला प्रश्न विचारला, “काय खाल्लं हिनं?”

“कांजी.”

“अजून?”

“चटणी.”

“कशाची?”

“खोबऱ्याची.”

“नुसती खोबऱ्याची? आजी, लवकर बोला!”

ब्रिजिताला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. शिट्टी आता प्रत्येक श्वासाला वाजत होती आणि दोन श्वासांमधली वाट लांबत चालली होती. त्या वाटेत ती सासूच्या उत्तराची वाट बघत होती.

“कोळंबीची सुकट वाटून घातली होती,” अम्मच्ची म्हणाली. “चिमूटभर. मीच घातली.”

नर्सनं मांडीत सुई खुपसली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, नाकातोंडावर प्राणवायू लावला. काही वेळानं दोरी सैल झाल्यासारखी वाटली. शिट्टी बारीक होत गेली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई स्टूल ओढून अम्मच्चीसमोर बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे म्हातारी जास्तच आक्रसली.

“तुम्हाला दूध पचत नाही. पोट कुरकुरतं, छळतं. थोडं घेतलं तर थोडं छळतं. हिचं ते नाही. हिचं शरीर कोळंबीला वैरी समजून तुटून पडतं, आणि त्यात हिचाच गळा आवळला जातो. तिथं चिमूट काय आणि ताटभर काय, सारखंच. सवय लावायला जाल तर माणूस जाईल.”

“पण इतकी वर्षं खातच होती की.”

“इतकी वर्षं वाफही हुंगतच होती. कधीतरी शरीर फिरलं.”

त्या उठून गेल्या.

“का केलंत?” ब्रिजितानं विचारलं. घसा अजून खरखरत होता.

“सवय होईल वाटलं.” अम्मच्ची थांबली. “आणि तू शेड सोडलीस तर आपण खायचं काय, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू? ते आधी होतं.”

ब्रिजितानं भिंतीकडे तोंड केलं. पण तिला राग आणता येईना. हाच हिशोब तीही महिनाभर करत होती, फक्त स्वतःच्या गळ्यावर.

शेड सुटली. बेबीचेट्टननं फाटकावर नोंदी करायचं काम देऊ केलं, पण वारा फिरला की वाफ तिथंही यायची. ती काथ्याच्या सोसायटीत जाऊ लागली. तिथं तिची लेक शोभेल एवढी मुलगी तिला दोर वळायला शिकवायची आणि “चेची, पीळ सुटला” म्हणून पुन्हा पुन्हा उसवायला लावायची. ब्रिजिता निमूटपणे उसवायची.

घरात पुन्हा कोळंबी आली नाही. पाटा-वरवंटासुद्धा अम्मच्चीनं बहिणीला देऊन टाकला. पण जन्म कोळंबीवर गेलेला. महिन्यातून एका रविवारी ती चर्चमधून परस्पर बहिणीकडे जेवायला जायची.

असाच एक रविवार. ऊन कलल्यावर अम्मच्ची परत आली, ती फाटकाशीच थांबली. बहिणीकडे अंघोळ करून, लुगडं बदलून आली होती. तरी तिनं अंगणातल्या नळावर पुन्हा हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, चुळा भरल्या आणि नारळाखालच्या दगडावर जाऊन बसली.

“आत या की,” ब्रिजिता दारातून म्हणाली.

“राहू दे. अजून वास असेल.”

ब्रिजिता दारातच बसली.

“कशी झाली होती?”

“काय?”

“कोळंबी.”

अम्मच्चीनं जरा विचार केला. “मीठ जास्त पडलं होतं,” ती म्हणाली.

ते खरं नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. ब्रिजिता हसली. अंधार पडेपर्यंत त्या तशाच बोलत बसल्या, अंगणाच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरी.