रस्त्याचं काम चालू आहे

दिल्लीत तीन दिवस काढल्यावर गोरखला एक गोष्ट कळून चुकली. तळेगावची माणसं दिल्लीत आली तरी तळेगावातच राहतात. बसमध्ये चिवडा तळेगावचा, गप्पा तळेगावच्या आणि पुढच्या सगळ्या जागाही तळेगावच्याच. मळवलीचा गोरख आणि त्याची बायको शालन शेवटच्या बाकावर. तिथं बसा असं कुणी म्हणालं नव्हतं. पहिल्या दिवशी दोघं पुढं बसायला गेली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या शैलाताईंनी शेजारच्या रिकाम्या सीटवर पर्स ठेवली. दुसऱ्या दिवशी दोघं आपणहून मागं गेली. असंच असतं ते, तोंडातून अवाक्षर न काढता होतं.

शालन मळवलीत एका बंगल्यावर स्वयंपाक करते. चार वर्षांत तिनं पहिल्यांदा मोठी सुट्टी मागितली ती ह्या सहलीसाठी. कुतुबमिनार बघितला, बरा वाटला. पण ती आली होती एका पत्त्यासाठी. सव्वीस, अलीपूर रोड. बाबासाहेबांनी शेवटचा श्वास घेतला ती जागा, आता तिथं स्मारक आहे. सहल नेणारे माधवराव, म्हणजे शैलाताईंचे यजमान, यांनी छापलेल्या कागदावर शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता ते नाव होतं. ते वाचूनच तिनं नाव नोंदवलं होतं.

लाल किल्ला बघून सगळे बसमध्ये चढले आणि माधवरावांनी माईक घेतला.

"मंडळी, थोडासा बदल. अलीपूर रोडला रस्त्याचं काम चालू आहे, गाडी जात नाही. तो वेळ आपण करोलबागेत खरेदीला देऊ!"

टाळ्या पडल्या. शालन खिडकीबाहेर बघत राहिली. गोरख उठला.

"खोटं हाय."

"काय म्हणालात?"

"खोटं बोलताय तुमी."

"अहो भाऊ, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा दिल्ली बघताय. तुम्हाला काय माहीत?"

"दिल्ली न्हाई म्हाईत, खोटं म्हाईत हाय. मी लोणावळ्यात पॉइंट दाखवायची जीप चालवतो. सात पॉइंट सांगायचे, पाच दाखवायचे. उरल्याल्या दोनांवर रस्त्याचं काम चालू! अन् सांगताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, घड्याळाकडं बघायचं. आत्ता तुमी तेच केलंत."

बस खदखदून हसली. माधवरावही हसले. "म्हणजे तुम्ही लबाड, म्हणून जग लबाड?"

गोरखनं ड्रायव्हरला विचारलं, "उस्ताद, अलीपूर रोड बंद है क्या?"

"किसने कहा? सुबह वहीं से तो आया हूँ."

हसणं बंद झालं. शैलाताई वळल्या. "असेल हो चालू. पण दोघांसाठी सगळ्यांनी का जायचं? आमचं तिथं काय आहे?"

शालन तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "ताई, काल मंदिरात तुमी दीड तास होता. आमी दोघं तुमा समद्यांच्या चपला राखत बसलो. तितं आमचं काय होतं, असं इचारलं का आमी?"

"यांना बरोबर आणायलाच नको होतं," शैलाताई पुटपुटल्या. पुटपुटल्या, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं.

"जायचंय तर उतरा," माधवराव म्हणाले. "सहाला स्टेशनात या. तुमच्यासाठी कुणी थांबणार नाही."

"थांबा म्हनलंय कोन?" म्हणत गोरख उतरला. आपण लढलो, जिंकलो, अशी छाती काढून त्यानं रिक्षा थांबवली. बायको आता कौतुक करील असं त्याला वाटत होतं.

रिक्षा सुटल्यावर शालन म्हणाली, "लेण्यांचंबी असंच सांगता व्हय?"

"कुठल्या लेण्यांचं?"

"आपल्या मळवलीजवळच्या. भाज्याच्या."

गोरख म्हणाला, "एकदाच. दिवाळीत. नागपूरकडची म्हातारी हुती, पांढरं लुगडं. म्हनली, बाळा, बाकी काय नको, बुद्धाची लेणी तेवढी दाव. तिला पायऱ्या चढवायच्या म्हंजी दोन तास गेलं असतं. मला दुसरं भाडं हुतं."

"मग?"

"सांगितलं, रस्ता बंद हाय."

"काय म्हनली ती?"

"काय न्हाई. पानी प्याली अन् गाडीत बसली."

रिक्षा थांबली. रस्ता चांगला होता, एक खड्डा नाही. शालननं पदर नीट केला. गोरख भाडं देऊन तिच्या मागं निघाला, तशी ती वळली.

"तुमी हितंच थांबा."

"अगं, मीबी एवढ्या लांबनं आलोय!"

"ती म्हातारी काय जवळनं आलती?"

शालन आत गेली. मागं बघितलं नाही. गोरख फाटकापाशी उभा राहिला. पहारेकरी दोनदा म्हणाला, "खड़े क्यों हो? जाओ अंदर, खुला है."

"म्हाईत हाय," गोरख त्याच्यावर मराठीतच खेकसला.