चोलोकनं अडवलेली वाट

आम्हा मेंढ्यांना मोजता येत नाही, असं तुर्गुनबायला वाटतं. धनगर झाला म्हणून सगळंच कळायला हवं असं थोडंच आहे? मी मोजलेलं आहे. मागल्या साली जायलूच्या उन्हाळी कुरणावरून उतरताना, ताशबेल खिंडीत, धुक्यात आमच्यातल्या एकोणीस जणी कड्यावरून गेल्या. पुढं कोक बोकड होता, गळ्यात घंटा, मान ताठ. मेंढ्यांपुढं बोकड घालायची आमच्याकडं रीतच आहे. कोकनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. गेला तो थेट दरीत, घंटेसकट.

यंदा तुर्गुनबायनं नवी घंटा तेके बोकडाला बांधली. का, तर शिंगं मोठी.

खिंडीत पोचलो अन् धुकं उतरलं. तुर्गुनबायचा घोडा पार मागं राहिला. तेके थबकला. आणि दरीतून कोकची घंटा ऐकू आली. तो चालायचा तशीच, संथ.

"बोलावतोय," म्हातारी मेंढी आकबाश म्हणाली. कळप कड्याकडं कलला. माझेही पाय वळले, खोटं कशाला सांगू.

"घंटा तुझ्या गळ्यात हाय न्हवं? चल की म्होरं," मी तेकेला म्हटलं.

"माझं पोट बरं न्हाई," तेके म्हणाला.

तेवढ्यात चोलोक कड्याच्या टोकाशी जाऊन वाट अडवून उभी राहिली. चोलोक म्हणजे आखूड कानांची शेळी. वर्षात कुणी तिला दोनदा हाक मारली नसेल. पाठ दरीकडं, तोंड आमच्याकडं.

"सर बाजूला, आखूडकाने," आकबाश म्हणाली. "माझी लेक हाय खाली."

"ठावं हाय, आजे. मलाबी ऐकू येतंय. मलाबी जावंसं वाटतंय. म्हनून तर हितं हुबी हाय. तुझी धाकटी मागं थरथरतीया. तिला घे अन् डोंगराच्या अंगानं चल."

आकबाश वळली. मग एकेकीचं नाव घेऊन चोलोकनं सगळ्यांना पार नेलं.

मागून खाली पोचल्यावर तुर्गुनबायनं मोजलं. सगळ्या भरल्या. खूश होऊन त्यानं तेकेला मूठभर मीठ चारलं. तेकेचं पोट तोवर बरं झालं होतं.

चोलोक मात्र खिंडीच्या तोंडाशी वाटेतच उभी.

"तुझ्या मागं कोन हाय?" तिनं मला विचारलं.

"कुनी न्हाई. मीच शेवटची. चल, गवत हाय म्होरं."

ती माझ्या खांद्यावरून धुक्यात बघत राहिली. नावं पुटपुटत होती; यंदाची नव्हती ती, मागल्या सालची.

"तू हो फुडं," ती म्हणाली. "अजून यायच्यात."

मी गेले नाही. थोड्या वेळानं आकबाश परतून आली, मग बाकीच्याही. तुर्गुनबाय ओरडून दमला. आम्ही खिंडीकडं तोंड करून उभ्या होतो. गवताला एकीनंही तोंड लावलं नाही.