चार नंबरची होडी

बिबवेवाडीतल्या बागेत घसरगुंडीच्या मागे सिमेंटचा एक हौद आहे. पाणी गुडघाभर. लोक त्याला तळं म्हणतात, मीही म्हणते, कारण हौदात होड्या चालवते म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे काळजीनं बघतो. कठड्याला सहा खांब आहेत. प्रत्येक खांबावर मोटारीच्या स्टिअरिंगसारखं चाक, एक दांडी आणि नाणं टाकायची फट. दोन रुपयांचं नाणं टाकलं की त्या खांबाची होडी तीन मिनिटं चालते. दांडीनं पुढे-मागे, चाकानं डावी-उजवी, मधे कसली तार नाही. तीन मिनिटं संपली की होडी असेल तिथं थांबते, पोरं बोंबलतात, आणि मी आकडा लावलेला बांबू घेऊन उठते.

हे सगळं आमच्या ह्यांचं, म्हणजे नागोरावांचं कर्तृत्व. ते आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात तेवीस वर्षं फिटर होते. नव्याण्णव साली कंपनीनं जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली स्वेच्छा कुणाची, ते कंपनीलाच ठाऊक. बरोबरीच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी एसटीडीचा बूथ टाकला. ह्यांनी पेपरातली जाहिरात बघून रिमोटच्या होड्या मागवल्या. मी म्हटलं, हिंगोलीहून पुण्याला आलो ते काय हौदात खेळणी सोडायला? तर म्हणाले, रिक्षाला पासिंग लागतं, होडीला लागत नाही. असलं उत्तर आलं की मी भांडी घासायला घ्यायचे.

होड्या सुट्या भागांत आल्या, सोबतचा कागद सगळा चिनी. पंखा, तो फिरवणारा दांडा, ग्रीस यात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आत एक बोटभर मोटर असते, ती तारेनं सुकाणू ओढते, आणि चार नंबरच्या होडीत ती तार ह्यांनी उलट्या बाजूला जोडली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी नेमकी तीच होडी धरली. त्यांनी चाक उजवीकडे फिरवलं, होडी डावीकडे गेली आणि भिंतीवर आपटली. सगळे हसले. ह्यांनी शांतपणे सांगितलं की ती मुद्दाम तशी ठेवली आहे.

मग त्यामागचं शास्त्र सांगितलं. होडी आपल्यापासून लांब जात असते तेव्हा डावं-उजवं बरोबर वाटतं, पण ती आपल्याकडे तोंड करून परत येऊ लागली की उलटं वाटायला लागतं आणि सगळे तिथंच चुकतात. चार नंबरची होडी जाताना उलटी वाटेल, पण येताना सरळ वाटेल. शास्त्र खोटं नव्हतं, फक्त ते होडी आपटल्यावर सुचलं होतं. दुसऱ्या दिवशी खांबावर पाटी लागली: ‘ही होडी परत येताना शहाणी होते. तक्रार करू नये.’ तेवीस-चोवीस वर्षं पुण्यात काढल्याचा तेवढा परिणाम झाला होता.

तक्रारी व्हायच्याच. आया यायच्या, आमच्या बंटीचे दोन रुपये वाया गेले म्हणायच्या. हे त्यांना पाटी दाखवायचे. आमचा आनंद हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो म्हणायचा, बाबा, आमच्याकडे याला बग म्हणतात, आणि तो काढायचा पगार मिळतो. मी तर रोज मागे लागायचे. तार बदला असं नाही म्हणायचे मी. फक्त एकदा म्हणा, वेणू, चूक झाली माझी. लग्नाला तीस वर्षं झाली, एकदा तरी तोंडातून निघू द्या. तर हे हौदातली पानं काढत शीळ घालायचे.

सकाळी बाग उघडायच्या आधी सगळ्या होड्या एकेकदा फिरवून बघाव्या लागतात. पंख्यात केस अडकतात, राख्यांचे दोरे अडकतात, मे महिन्यात गुलमोहराच्या पाकळ्या. त्यासाठी खांबाला एक किल्ली आहे, ती फिरवली की नाणं लागत नाही. हे गमबूट घालून पलीकडच्या टोकाला उभे राहायचे आणि मी अलीकडून होड्या सोडायचे. चार नंबरच्या होडीच्या टपावर मी ह्यांची तंबाखूची पुडी ठेवायचे. पहिल्या आठवड्यात दोन पुड्या पाण्यात गेल्या आणि त्यावरून ह्यांनी बरंच ऐकवलं. मग माझा हात बसला. उजवीकडे न्यायची तर चाक डावीकडे, डावीकडे न्यायची तर उजवीकडे, विचार न करता. पुडी कोरडी पोचायची. हे चिमूट तोंडात टाकून होडीला वळवून द्यायचे आणि मी ती परत आणायचे. आमच्या घरात प्रेमाबिमाचं बोलायची पद्धत नव्हती, जे काय होतं ते त्या होडीवरून जायचं.

दोन हजार तीनच्या ऑगस्टात एका मंगळवारी, बाग बंद असते त्या दिवशी, हे दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

सगळ्यांना वाटलं मी होड्या विकणार. आनंद म्हणाला, माझ्याकडे राहायला ये, नवीन फ्लॅटला लिफ्ट आहे. मी म्हटलं, लिफ्टमध्ये मी दिवसभर काय करू? सुट्टे पैसे द्यायच्या खिडकीत मी बसायचेच, आता बांबूही उचलला. रात्रभर बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, दांड्याला ग्रीस भरायचं, पाण्यात तुरटी फिरवायची, सगळं बघून बघून येत होतं. आतलं वायरिंग तेवढं येत नव्हतं, त्यासाठी शहेजाद. त्याचं जवळच टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली टीव्ही बिघडला की लोक नवाच आणतात, म्हणून तो दर मंगळवारी माझ्या होड्या उघडून बसायचा.

सकाळची फेरी मी सोडली नाही. पाच होड्या काम म्हणून फिरवायच्या आणि शेवटी चार नंबरची. चाक हातात आलं की हात आपोआप उलटा चालायचा. होडी पलीकडच्या टोकाला नीट पोचायची. पुडी नाही, गमबूट नाहीत, पण त्या मिनिटभरात माझ्या हाताला ते गेल्याचं कळलेलं नसायचं. मला ते हवे होते, दुसरं काही नको होतं. दिवसाकाठी एवढं एक मिनिट मिळत होतं, त्यावर मी पावणेदोन वर्षं काढली.

यंदाच्या मे महिन्यात चार नंबरच्या होडीत पाणी शिरायला लागलं. मंगळवारी मी शहेजादला सांगितलं की दांड्याचं सील बदल, आणि आनंदकडे जेवायला गेले. बुधवारी सकाळी किल्ली फिरवली, होडी सोडली, मधलं कारंजं चुकवायला चाक वळवलं, आणि होडी सरळ कारंज्यावर जाऊन आपटली. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा सोडली, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा कळलं. त्यानं तार सरळ केली होती.

मी त्याला मोबाईल लावला. तो भाचीच्या लग्नाला मिरजेला पोचला होता, मागे बँड वाजत होता. म्हणाला, काकू, होडी उघडलीच होती म्हणून हातासरशी तेही करून टाकलं, त्याचे पैसे नकोत. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. बिचारा एवढंच म्हणाला की आठ दिवसांनी येतो आणि होती तशी करून देतो.

आठ दिवस होडीला हातच लावायचा नाही असं मी ठरवलं. तिच्यावर पोतं टाकलं. माझी भीती एकच होती. सरळ होडी चालवत राहिले तर हात सरळ चालायला शिकेल, आणि एकदा शिकला की पहिलं विसरेल. डोक्यातलं विसरलं तर कुणी आठवण करून देतं, हातातलं कोण देणार? पण सुट्टीचे दिवस, रांग घसरगुंडीपर्यंत. त्यात दोन नंबरची बॅटरी बसली आणि पाच नंबरचा पंखा तुटला. तीन होड्यांवर गर्दी आवरेना. शुक्रवारी दुपारी मी पोतं काढलं.

पोरांनी ती झकास चालवली. एकदा आपटली नाही, एक आई भांडायला आली नाही. एका चष्मेवाल्या मुलीनं मोठ्यानं पाटी वाचली आणि म्हणाली, आजी, ही होडी तर पहिल्यापासूनच शहाणी आहे. संध्याकाळी मी पाटी काढून खिडकीत ठेवली. इतक्या वर्षांत त्या होडीची एकही तक्रार आली नाही असा तो पहिला दिवस, आणि मला कुणीतरी भांडायला यावं असं वाटत होतं.

पोतं काढल्यावर सकाळी फिरवून बघणं आलंच. शनिवारी आपटली. रविवारी आपटली, तेव्हा मला बरं वाटलं. सोमवारी कारंज्याला घासून गेली. मंगळवारी बाग बंद. बुधवारी मी होडी सोडली, मनात भलतंच चाललं होतं, गॅसचा नंबर लावायचा राहिला होता. भानावर आले तेव्हा होडी कारंज्याला वळसा घालून पलीकडच्या टोकाला जाऊन उभी होती. हातानं चाक सरळ फिरवलं होतं, मला न विचारता. हे गेले त्या ऑगस्टात लोक घरी आले, रडले, मला धरून बसले, तेव्हा मी कोरडीच होते. त्या बुधवारी मी कठड्याला धरून रडले. वॉचमननं लांबून बघितलं आणि गेट पाच मिनिटं उशिरा उघडलं.

गुरुवारी सकाळी शहेजाद आला. लग्नातले लाडू घेऊन आला होता. माझ्याकडे न बघताच त्यानं होडी उचलली, कठड्यावर ठेवली आणि झाकणाचे स्क्रू काढायला लागला. चार काढून झाल्यावर म्हणाला की माझं चुकलंच, पण मला वाटलं होतं काका गेल्यापासून तुम्ही होडी चालवत नसाल, खिडकीत बसत असाल. मी विचारलं, मी चालवण्या-न चालवण्याशी तारेचा काय संबंध?

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, “काकांनी सांगू नको म्हटलं होतं. होड्या सुरू होऊन महिना झाला असेल. काका ही होडी पिशवीत घालून दुकानात आले. म्हणाले, माझी चूक झालीय, तार उलटी जोडली गेली, सरळ करून दे. मी झाकण उघडलं तेवढ्यात म्हणाले, थांब, राहू दे. वेणूचा हात बसलाय हिच्यावर. सरळ केली तर उद्या सकाळी बिचारी भिंतीवर आपटेल.”

मी विचारलं, “बिचारी म्हणाले?”

“हो, बिचारीच म्हणाले.”

जे ऐकायला मी एवढी वर्षं मागे लागले होते, ते हे टीव्हीच्या दुकानात जाऊन म्हणून आले होते. आणि मग माझ्या हातासाठी शेवटपर्यंत त्या आयांची बोलणी खात राहिले, माझीही. शीळ घालत. मला त्या क्षणी ते समोर हवे होते. काय बोलले असते कोण जाणे, बहुतेक भांडलेच असते. पण समोर हवे होते.

शहेजादनं चिमट्यात तार धरली होती. म्हणाला, “पाच मिनिटांचं काम आहे काकू. पहिल्यासारखी उलटी करतो.”

मी माझ्या हाताकडे बघितलं. म्हटलं, “नको. आता माझा हात सरळवर बसलाय.”

त्याला कळेना. ह्याच तारेवरून मी त्याला लग्नघरात झाडलं होतं. तो तसाच चिमटा धरून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, “ते असते तर आता तारेला हात लावू दिला असता का तुला?”

तार तशीच सोडून त्यानं झाकण लावलं, एकेक स्क्रू बसवला आणि कडेनं पाणी शिरू नये म्हणून पुट्टी भरली. ती वाळायला अर्धा तास लागतो. तोवर आम्ही दोघं कठड्यावर बसून राहिलो.