नेडच्या वाटची रम

हॉब्डेनं रमचं भांडं टेबलावर ठेवलं आणि सवयीनं चौदा पेले मांडले. मग त्याचा हात थांबला. त्याला धरून टेबलाशी पाचच जण होते.

“कालच्या यादीवर आजची रम दिलीय,” तो म्हणाला. “मेलेलेपण मोजलेत. प्या लेको, चंगळ आहे!”

कुणी हसलं नाही. हलक्या क्रूझर युद्धनौकांचा हा ताफा दोन वर्षं उत्तर समुद्रात गस्त घालत होता, थंडीला शिव्या देत. काल दुपारी लढाई झाली आणि चारांतली तीन जहाजं बंदराकडे परत निघाली होती.

सायलसनं आपला पेला उचलला, पण तोंडाला लावला नाही. ही रम त्याची नव्हतीच. काल त्याचा गाल सुजून भोपळा झाला होता. उघड्या डेकवर, तोफेपाशी, वारा थेट दाढेत घुसत होता. नेड लार्कमचं काम मात्र खाली, गोळ्यांच्या कोठारात, उबेला.

“आजच्यापुरती जागा बदल ना गड्या,” सायलस त्याला म्हणाला होता.

“फुकट? उद्याची तुझी रम माझी. घोटभर नाही, अख्खी.”

“घे, भिकारड्या!”

लहान उपकाराला घोट, मोठ्याला अख्खा पेला, हा जहाजावरचा रिवाज. तो मोडणाऱ्याशी पुन्हा कुणी बोलत नाही. तासाभरानं शत्रूचा गोळा डेकवर फुटला आणि तोफेच्या ढालीखालून लोखंडाच्या कपच्या आत घुसल्या. आठ जण जागीच गेले, नेड तेवढा श्वास घेत राहिला. खाली कोठारात नुसता धूर कोंडला. सायलसला खोकला आला, बस्स. आता तो पेला घेऊन उठला.

“रम टेबलावरून हलवायची नाही, ठाऊक आहे ना?” हॉब्डे म्हणाला आणि पाठ फिरवून बसला. “जा. मी काही पाहिलं नाही.”

जखमींना खाली, न्हाणीघराच्या फरशीवर ओळीनं निजवलं होतं.

“आजची संध्याकाळ काही काढत नाही तो,” शुश्रूषा करणारा म्हणाला. “डोळे गेलेत, कानही गेलेत. बोलून उपयोग नाही.”

नेडचे हात, तोंड सगळं पट्ट्यांत होतं. ओठ आणि नाकपुड्या तेवढ्या उघड्या. सायलस गुडघ्यांवर बसला आणि पेला ओठांशी नेला. नेडच्या नाकपुड्या हलल्या.

“रम?” तो बहिऱ्यासारखा मोठ्यानं म्हणाला. “कोण, हॉब्डे का रे?”

“मी आहे, मी! सायलस!”

“सायलसच्या वाटची ना? ने परत. मेलेल्याची रम मला नको.”

“अरे मी जिवंत आहे, मूर्खा!”

“कोठारातून धूर आला वर. पाहिलं मी. जळाला असेल बिचारा.” नेडला धाप लागली. “नाही म्हणायला हवं होतं मी. एका पेल्यापायी हो म्हणालो. थू माझ्यावर.”

सायलस त्याच्या कानाशी ओरडला. शेजारचा जखमी कण्हला तरी ओरडतच राहिला. मग त्यानं नेडचा हात उचलून आपल्या सुजलेल्या गालावर दाबला. पट्ट्या बोटभर जाड होत्या.

“हलवू नको रे हॉब्डे, दुखतंय,” नेड म्हणाला. “त्याच्या आईला लिही, पटकन गेला म्हणून. त्रास झाला नाही म्हणून.”

सायलसनं हात अलगद खाली ठेवला. तो तिथंच बसून राहिला. बऱ्याच वेळानं शुश्रूषा करणाऱ्यानं चादर नेडच्या तोंडावर ओढली.

वर टेबलाशी हॉब्डे तसाच पाठ करून बसला होता.

“प्यायला का?”

“प्यायला.”

“काही म्हणाला?”

“म्हणाला, फिटलं आपलं.”

हॉब्डे वळला. सायलसच्या हातातला पेला काठोकाठ भरलेला होता. त्यानं तो पाहिला, हलकेच काढून घेतला आणि टेबलावर उरलेल्या नऊ पेल्यांत नेऊन ठेवला.

“बरं झालं,” तो म्हणाला.