वाहती लाईन

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली, तेव्हा प्लंबरची बायको खुर्चीच्या काठावर बसली होती. टेकून बसायला ती काही पाहुणी आलेली नव्हती. फिल्मवर नवऱ्याच्या पोटात बारीक नळी दिसत होती आणि तिच्यावर चुना चढावा तसा जाड पांढरा थर.

“ही अजून आत कशी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दोन वर्षांमागे प्लंबरचा मूतखडा दुर्बिणीतून फोडला होता. वाट सुजून लघवी अडू नये म्हणून किडनीपासून खाली ही नळी ठेवली होती, आणि महिन्याभरात काढून घ्यायला या, असं बजावलं होतं. पण कळ थांबली आणि तो गेलाच नाही. मधूनमधून जळजळ व्हायची, ती त्याने उन्हावर ढकलली. धंद्यातला त्याचा नेमच होता: वाहती लाईन खोलायची नाही. खोललीस की गळती तुझ्या गळ्यात. उभ्या जन्मात हा नेम त्याला नडला नव्हता. बायकोने सुरुवातीला टोचून पाहिलं, तर चांगलं चाललेलं उकरू नये, असं त्याने तिलाच पढवलं. आणि सगळ्या गल्लीला तोंडाने पुरून उरणारी ती बाई या एका बाबतीत त्याच्या शहाणपणावर विसंबली.

नळीवरच नवा खडा वाढला होता. लघवी मागे तुंबत राहिली. मग फोडा की पुन्हा, मागे फोडलात तसा, असं बायको म्हणाली.

“खडा फुटेल, काकू. पण डावी किडनी गेली. ती काढावीच लागेल.”

उजवीही जेमतेम निम्मी चालत होती. ती टिकवायची तर उन्हात गच्च्यांवर राबणं, तहान मारणं बंद. शेवटी डॉक्टरीणबाईंनी जरा चाचरतच विचारलं, की मूतखड्यांवर संशोधन करणाऱ्यांना काढलेली किडनी तपासायला द्याल का.

प्लंबरने बायकोकडे पाहिलं.

“न्या,” ती म्हणाली. “जित्ती होती तोवर आम्ही ढुंकून बघितलं नाही. तुम्ही तरी नीट बघा.”

बाहेर बाकावर दोघं बसली. बोलायचं सगळं तिच्या जिभेच्या टोकावर होतं.

“बोल की,” तो म्हणाला.

“शिल्लक ठेवलंय. आधी बरे व्हा, मग व्याजासकट ऐका.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणाची तरी टाकी भरून वाहत होती. कुठला कॉक बंद करायचा ते त्याने शांतपणे समजावलं. पलीकडून विचारणा झाली असावी, येता कधी म्हणून. त्याने बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“दुसरा माणूस बघा,” तो म्हणाला.

फोन खिशात टाकून तो रुमालाने नखांतला काळा मळ पुसू लागला. इतक्या वर्षांचा मळ तो, रुमालाने थोडाच निघणार. तरी तो पुसत राहिला.