फिकट तपकिरी

डायच्या खोक्यावरची बाई हसतच होती. फिकट तपकिरी केस खांद्यावरून पुढे घेतलेले, मान वाकडी, दात सगळे. मी न्हाणीघरात स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होते आणि तिच्याविषयी मनात जे येत होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. हिला डोक्याची मागची बाजू असेल असं मला वाटत नाही. असती तर एखाद्या तरी खोक्यावर पाठमोरी दिसली असती.

मला मात्र ती आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसते. फायलींचं कपाट माझ्या मागे. पेशंट आला की वळायचं आणि फाईल काढायची. बाकावर दाढ धरून बसलेल्या माणसांना दुसरा उद्योग नसतो, ती माझं डोकं मागून बघतात. त्यामुळे पुढून काळे असून भागत नाही.

पुढचे केस मी रंगवते. मागचे आमचे हे. ह्यांचं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान आहे. काच कापणारा माणूस, त्यामुळे माझ्या केसांतली रेघसुद्धा फूटपट्टी लावल्यासारखी. शेपटीच्या कंगव्याने भांग पाडायचा, ब्रशने डाय चोपडायचा आणि मध्येमध्ये म्हणायचं, "डोकं हलवू नकोस." मी हलवत नसायचेच. आमच्यात लाडीगोडी कधी फारशी नव्हती. महिन्यातून एकदा ह्यांची बोटं माझ्या मानेवर असायची, तेवढं मला पुरायचं.

मग ब्रश कानाला लागायला लागला. पुढे मानेला, मग फरशीवर काळे शिंतोडे. "उजेड कमी आहे," हे म्हणाले. मी बल्ब बदलला. पुढच्या महिन्यात पुन्हा उजेड कमी. मग मी एवढा मोठा बल्ब आणला की त्या न्हाणीघरात ऑपरेशन करता आलं असतं. तरी कमीच! चहाचा कप हे हल्ली दोन्ही हातांनी धरतात, तेव्हा उजेडाचा काय संबंध? दुकानात मोठ्या काचा कापणं बंद केलंय, का तर म्हणे गिऱ्हाईकं छोटेच फोटो आणतात. एकदा मी "डॉक्टरांना दाखवू या का" असं म्हणून पाहिलं. "कुणाला काय झालंय?" असं विचारून वाचलेलं वर्तमानपत्र हे पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसले. ताकास तूर लागू द्यायची नाही, हा ह्यांचा बाणा.

मला संताप येतो तो त्या बल्बचा. हात थरथरतो तर थरथरतो म्हणा ना! पण संताप एका बाजूला आणि आरशात दिसणारा तो हात एका बाजूला. ब्रश उचलायच्या आधी हे डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट दाबून धरायचे, मला दिसत नाही असं समजून. ते मला बघवेना. म्हणून मी ठरवलं, हे कामच ह्यांच्याकडून काढून घ्यायचं. "राहू दे, माझं मी करते" म्हटलं असतं तर लागलं असतं. रंगच बदलला तर कुणाला काही बोलावं लागणार नव्हतं. नणंद कधीची मागे लागली होती, "वहिनी, फिकट कर. फिकटात पांढरे मिसळून जातात, महिनोन्‌महिने बघायला नको." आपण ते सगळं पार्लरच्या खुर्चीत बसून करून घेतो, एवढं सांगायला ती विसरली.

शनिवारी दुपारी मी घरी आणि हे दुकानात. जुना टॉवेल खांद्यावर घेतला, कपाळाला क्रीम फासलं, हातमोजे चढवले, ट्यूबमधलं आणि बाटलीतलं वाटीत कालवलं. वासाने डोळ्यांतून पाणी. पुढचं डोकं झटपट झालं, तेव्हा मी गाणंसुद्धा गुणगुणत होते. मग मागचं आलं. एक आरसा भिंतीवर, एक डाव्या हातात, ब्रश उजव्या हातात, आता भांग कोण धरणार? दोन आरशांत मिळून डावं कुठलं आणि उजवं कुठलं तेच कळेना. हात भरून आले. शेवटी आरसा ठेवून दिला आणि जिथे डोकं असेल असं वाटलं तिथे चोपडलं.

धुऊन बघते तर मुळांशी बोटभर रुंद पट्टा, चक्क गाजराचा रंग. त्याच्या खालचे केस होते तसे काळेकुट्ट, जणू त्यांना काही कळवलंच नव्हतं. आणि मागे थोडं गाजर, थोडं पांढरं, पुन्हा गाजर.

नणंदेला फोन लावला.

"आधीचा काळा काढलास ना, वहिनी?"

"काढायचा असतो?"

"अगं, डाय केलेल्या केसांवर फिकट डाय चढत नाही. आधी जुना उतरवावा लागतो. आमची पार्लरवाली तर दोन-तीनदा बोलावते."

"हे तू आत्ता सांगतेस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. लिंबू चोळून बघ ना."

लिंबू कुणाच्या डोक्यावर पिळावंसं वाटलं ते न सांगता मी फोन ठेवला. मग चष्मा लावून खोकं नीट पाहिलं. बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की आधी रंगवलेल्या केसांवर फिकट छटा येणार नाही. डाय लावायचा तर चष्मा काढावा लागतो आणि चष्मा काढला की हे वाचता येत नाही. मी दोनदा शाम्पू केला, रागारागाने घासून. टाळू चुरचुरायला लागली, गाजर जागचं हललं नाही. सोमवारी त्या बाकावरच्या लोकांना दाढेचा विसर पडणार होता.

तेवढ्यात हे आले. मी घाईघाईने डोक्याला टॉवेल गुंडाळला. हे न्हाणीघराच्या दारात उभे राहिले. खोकं पाहिलं, मग बादलीशेजारचे हातमोजे.

"माझ्याशिवाय केलंस?"

"सहज. बदल म्हणून."

"मागचे कुणी केले?"

"मीच."

"दाखव."

मी टॉवेल काढला. हसले असते तर बरं झालं असतं. हे नुसते बघत राहिले, गिऱ्हाईकाने फुटलेली फ्रेम आणून पुढ्यात ठेवावी तसे.

"मला सांगायचं होतंस," हे म्हणाले. "मी होतो ना."

माझं डोकं फिरलं. दुपारभराची मेहनत, ते दोन आरसे, ती हसरी बाई, सगळं एकदम वर आलं. "काय सांगू? तुम्हाला उजेड कमी असतो ना!"

बोलले आणि जीभ चावली. हे वळले आणि बाहेर गेले. परत आले ते पिशवी घेऊन. पिशवीत काळ्या डायचं नेहमीचं पाकीट होतं, दर महिन्यासारखं येताना आणलेलं. त्याच्याबरोबर प्लॅस्टिकची एक बाटली, निमुळती, तोंडाशी कंगव्यासारखे दाते.

"ही टाळूवर टेकवून चालवायची," हे बाटलीकडे बघत म्हणाले. "ब्रशसारखी अधांतरी धरावी लागत नाही. दुकानात पाणी भरून बघितली मी."

मी गुपचूप ह्यांचं काम काढून घेत होते, आणि हे गुपचूप ते टिकवायची तयारी करत होते. आम्हा दोघांनाही कुणीतरी चांगलं झापायला हवं होतं.

"लावू या आता?" मी विचारलं.

"उद्या. टाळू लाल झालीये तुझी."

रविवारी सकाळी मी सवयीने स्टूल न्हाणीघरात ठेवलं. ह्यांनी ते उचललं आणि बाहेरच्या खोलीत मोठ्या खिडकीपाशी नेलं. पडदा पूर्ण सरकवला. ऊन थेट फरशीवर आलं. खाली जुने कागद अंथरले आणि म्हणाले, "बस."

बाटली बरी चालत होती. दाते टाळूवर टेकायचे आणि सरळ पुढे जायचे, गाजर बुजत चाललं होतं. पण कानामागे ती उचलावीच लागते. तिथे मला प्लॅस्टिकची टकटक ऐकू आली, कानाच्या अगदी जवळ. एक गार थेंब कानावर पडला, दुसरा मानेवर. मी वाट बघत बसले. माझं उत्तर तयारच होतं, असू दे, होतं असं.

"उजेड भरपूर आहे," हे म्हणाले.

मी वळले नाही. ह्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणूनच बहुतेक पुढचं बोलता आलं.

"हात थरथरतो माझा. बरेच दिवस झाले. काच हातात घ्यायची भीती वाटते."

"उद्या मी रजा टाकते," मी म्हटलं. "दोघं डॉक्टरांकडे जाऊ."

"दुकान..."

"बंद ठेवा दुकान!"

मग ह्यांनी ओल्या फडक्याने माझा कान पुसला आणि बाटली पुन्हा टाळूवर टेकवली.

"बरं," हे म्हणाले. "डोकं हलवू नकोस."

"हलवत नाहीये," मी म्हटलं. पण रडू दाबताना या वेळी ते खरंच हलत होतं.